ज्याला नाव आहे ते असते

डोलोरेस रेदोन्दो यांची बास्तान त्रयी मी नुकतीच दुसऱ्यांदा वाचून संपवली, आणि पहिल्या वाचनात खुनी कोण या एकाच प्रश्नामागे धावताना जे निसटले होते ते या वेळी नीट दिसले. २०१३-१४ मध्ये स्पॅनिशमध्ये आलेल्या या कादंबऱ्या उत्तर स्पेनमधील नवारा प्रांतात, बास्तान खोऱ्यातील एलिसोन्दो या गावाभोवती घडतात. पहिल्या कादंबरीत नदीकाठी किशोरवयीन मुलींचे मृतदेह सापडतात आणि त्यांच्यावर चांचिगोर्री हा त्या भागातला, डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे घालून केलेला केक ठेवलेला असतो. तपास येतो तो इन्स्पेक्टर आमाया सालासारकडे, जी याच गावात वाढली आणि जिच्या घराण्याचा धंदा बेकरीचाच आहे.

ज्याला नाव आहे ते असते, अशी या भागातल्या बास्क लोकांची जुनी समजूत आहे. जंगलाचा राखणदार बासाखाउन वादळ येण्यापूर्वी शीळ घालून मेंढपाळांना सावध करतो. इंगुमा रात्री झोपलेल्याचा श्वास चोरतो. इंगुमासारख्यांना अडवायला दारावर एगुस्किलोरे, म्हणजे वाळवलेले काटेरी फूल लावतात, कारण रात्रीच्या शक्तीला त्याचे काटे मोजल्यावाचून आत शिरता येत नाही आणि मोजता मोजता उजाडते. आमायाच्या बालपणी मात्र रात्री पलंगावर ओणवणारी सावली तिच्या आईची, रोसारिओची असते. ती दारातून येत नाही, ती घरातच असते. एके दिवशी हीच आई लेकीला बेकरीत जबर मारून पिठाच्या काठवटीत पुरते, आणि ज्या पिठावर घर चालते तेच मुलीच्या नाकातोंडात जाते. हे वाचताना मला पुस्तक मिटून ठेवावे लागले. वडिलांना सारे ठाऊक असते, तरी या गोष्टीची घरात वाच्यता होत नाही. दैत्यांना नावे देणाऱ्या या खोऱ्यात आईच्या कृत्याला कोणी नाव देत नाही, आणि म्हणून ते घडलेच नाही असे सगळे वागतात.

जवळच्याच सुगार्रामुर्दी गावातील लोकांना चेटूक केल्याच्या आरोपावरून १६१० मध्ये लोग्रोन्यो येथे शिक्षा झाल्या आणि काहींना जिवंत जाळले गेले. त्या खटल्यातील एक न्यायाधीश आलोन्सो दे सालासार फ्रियास यांनी पुढे गावोगाव फिरून चौकशी केली, तेव्हा त्यांना चेटकाचा एकही पुरावा मिळाला नाही. पुरावा मागणाऱ्या नायिकेचे आडनाव तेच असावे, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

अमेरिकेतील अधिकाऱ्याशी होणारी आमायाची फोनवरची संभाषणे मला सैल वाटली. तिथे खोऱ्याचा ओलावा सुटतो. पण आत्या एंग्रासीच्या स्वयंपाकघरात कथा परतली की ती पुन्हा पकड घेते. त्या हल्ल्यानंतर आमाया वाढली ती याच आत्याच्या घरी. आता ती पिस्तूल बाळगणारी अधिकारी आहे, आणि तरीही झोपताना खोलीतला एक दिवा चालू ठेवते.