तुम्ही विचारलंत म्हणून: कॅन्सर होऊन गेला होता, मग अल्झायमर कसा?

लग्नात, भाजी घेताना, अगदी दहाव्यालासुद्धा गाठून विचारतात, अगं तुझ्या अण्णांना आतड्याचा कॅन्सर होऊन गेला होता ना, मग अल्झायमर कसा झाला, एक झाला की दुसरा होत नाही म्हणे. एकदाच लिहून टाकते.

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या लोकांवरच्या २०१२ च्या अभ्यासात कॅन्सरमधून वाचलेल्यांना अल्झायमरचा धोका ३३ टक्के कमी दिसला. कमी म्हणजे शून्य नव्हे, एवढं तरी धरा. आणि कॅन्सरने आधीच गेलेला माणूस अल्झायमरच्या वयाला पोचतच नाही, हा आक्षेप आहेच.

अण्णा नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये छापलेले कागद तपासायचे, खराब निघाला की बाजूला. ट्युमर सप्रेसर जीन, म्हणजे पेशींची गाठ होऊ न देणारे जीन, मला तसेच वाटतात. पी५३ घ्या, १९७९ ला सापडलेलं. डीएनए बिघडला की ते पेशीची वाढ थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं, नाहीच जमलं तर पेशीला मरायला लावतं. जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये हेच बिघडलेलं असतं. पण न्यूरॉन, म्हणजे मेंदूतली पेशी, मेला की त्याच्या जागी सहसा नवा येत नाही, आणि अल्झायमरच्या मेंदूत पी५३ वाढलेलं आढळलंय. म्हणून म्हणतात, जे गाठीपासून वाचवतं तेच मेंदूवर उलटतं; मग ज्याचं ते ढिलं पडून कॅन्सर झाला, त्याचा मेंदू तरी वाचावा. अण्णांच्या ऑपरेशननंतर मीही हेच सगळ्यांना सांगायचे.

मग ती संध्याकाळ. कॉलेज रोडवरून औषधं घेऊन आले तर अण्णा दारात, हात आडवा. "पास?"

"अण्णा, मी आहे."

"पास दाखवा बाई, असं आत सोडता येत नाही."

रोज गेटवर त्यांना कुणीतरी विचारायचं, तेच ते मला विचारत होते. रागाने नाही, नीट, अहो-जाहो करून. अण्णांनी मला आयुष्यात अहो म्हटलं नव्हतं. मी पर्समधून मेडिकलचं बिल काढून दिलं, त्यांनी ते ट्यूबलाइटकडे धरलं, अंगठ्याने कडा चाचपल्या, उलटून पाहिलं आणि परत दिलं, "हे चालणार नाही." आत आई रडत होती. शेवटी शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या, चला, शिफ्ट सुटली, तेव्हा बाजूला झाले. जाताना काकू मला म्हणाल्या, "नशीब समज, कॅन्सर परत नाही आला." चांगल्या मनाने बोलल्या, कळतं मला, पण अजून लागतं. कॅन्सरच्या वेळी अण्णा मला नावाने हाक मारत होते हो.

त्यानंतर ते सोपं उत्तर तोंडातून निघेना. कारण बीआरसीए१ चं काय? तेही सप्रेसरच, ब्रेस्ट कॅन्सरमुळे सगळ्यांना माहीत झालेलं. २०१५ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी दाखवलं की अल्झायमरच्या मेंदूत ते उलट कमी असतं, उंदरांच्या न्यूरॉनमध्ये कमी केलं तर त्यांचं शिकणं-लक्षात ठेवणं बिघडतं. एक वाढलेलं, एक घटलेलं, आणि मेंदूचं नुकसान दोन्हीकडे. मग कॅन्सर झाला म्हणून मेंदू वाचला, असा हिशोब कसा मांडणार?

भाऊ म्हणतो, कॅन्सर झाला म्हणूनच हे दहा वर्षं उशिरा आलं असेल. एका माणसावरून ते कळत नाही असं मी त्याला म्हणते, मग तो म्हणतो, तुझंही तेच. ते मला खोडता येत नाही, आणि त्याचं म्हणणं पटतही नाही.