तुम्ही विचारलंत म्हणून: मोडी कशी काय लागली मागे

मी घेतो तो मोडीचा (जुने मराठी कागद ज्या लिपीत असत ती) वर्ग सुटला की खाली टपरीवर चहा घेताना कुणीतरी हमखास विचारतंच, "सर, तुम्हाला तुमचं पर्पज कधी सापडलं?" विचारणारा बहुतेक पंचविशीतला, आयटीतला नाहीतर एमपीएससीचे दोन अटेम्प्ट झालेला, आणि बघतो असा की मी आता पत्ता सांगणार, डावीकडे वळा, मारुतीच्या देवळामागे. दर वेळी काहीतरी पुटपुटून सटकतो. आज लिहितोच.

सापडलं वगैरे काही नाही हो. भांडण होतं. बांधाचं. काकांनी बांध कोरला असं आमचं म्हणणं, आम्ही कोरला असं त्यांचं, आणि त्या गडबडीत आजोबांच्या ट्रंकेतून एक रुमाल निघाला (कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं, त्याला रुमाल म्हणतात, मलाही तेव्हाच कळलं). आत मोडी कागद. घरात सगळ्यांना खात्री की हेच ते खरेदीखत. एकाकडून वाचून घेतलं, पानामागे पाचशे रुपये देऊन, आणि त्याने जे लिहून दिलं ते बघून वकील म्हणाले ह्याचा अर्थच लागत नाही. मी तेव्हा अडतीसचा, कंपनीत अकाउंट्सला, जीएसटी रिटर्न भरणारा माणूस. डोकं फिरलं आणि पुण्यात दहा दिवसांचा वर्ग लावला. हेतू एकच, काकांना कोर्टात दाखवायचं. ह्याला पर्पज म्हणायचं असेल तर म्हणा.

वर्ग झाला तरी वाचता येईना. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि तिला अक्षरं लटकवत जातात, हात शक्यतो उचलायचाच नाही, त्यामुळे दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्वदीर्घाचा तर पत्ताच नाही, आणि प्रत्येक कारकुनाची लपेटी वेगळी. चार ओळींना मला तीन रविवार लागले. पहिला शब्द लागला तो 'मौजे', म्हणजे गाव, मग पुढे गावाचं नाव, आमचंच. मग 'बिन', म्हणजे अमक्याचा मुलगा. रात्री एक वाजता बायकोला उठवून दाखवलं, ती म्हणाली झोपा.

कागद खरेदीखत नव्हताच. कर्जरोखा होता. फसली (जुनं महसुली साल) १२९५, त्यात ५९० मिळवायचे म्हणजे १८८५-८६ साल. खापरपणजोबांनी बैलजोडीसाठी सावकाराकडून ४० रुपये घेतलेले. आणि खाली सहीच्या जागी एक छोटासा नांगर काढलेला. लिहितावाचता न येणारा कुणबी सहीऐवजी नांगर काढायचा, निशाणी नांगर, हे वर्गात सांगितलं होतं, पण आपल्या माणसाने काढलेला, तोही जरा तिरका, बघितल्यावर मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. केसला त्याचा शून्य उपयोग.

तरी का चालू ठेवलं? खरं सांगू, लोक यायला लागले. आधी गावातले, मग गावातल्यांचे पाहुणे. मग सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला, फोन बंद होईना. कोतवाल बुकाची (गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) पानं व्हॉट्सअ‍ॅपवर, तीही हललेली. बहुतेकांना 'कुणबी' ह्या एका शब्दापुरतंच काम, पण एक आजी आल्या त्यांना दाखला-बिखला काही नको होता, जन्मल्यावर चार दिवसांत गेलेल्या थोरल्या बहिणीची नोंद बघायची होती. नाव ठेवलंच नव्हतं तिचं, नुसतं 'मुलगी' लिहिलेलं. तेवढं बोट लावून बघितलं त्यांनी. काकाही आले एकदा, त्यांचा रुमाल घेऊन. बांधाचा विषय कुणी काढला नाही. वाचून दिलं.

इतिहासाचार्य राजवाड्यांचं बघा. १८९४ ला 'भाषांतर' नावाचं मासिक काढलं होतं त्यांनी, परदेशी ग्रंथ मराठीत आणायचे म्हणून. ते काही टिकलं नाही. मग वाईला जुनी कागदपत्रं हाती लागली, १८९८ ला 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आला आणि पुढे बावीस झाले. आता कुणी म्हणेल त्यांचं पर्पज आधी चुकलं होतं. मला नाही तसं वाटत, हातात कागद आले आणि ते वाचत बसले. (मी राजवाडे नाही, कृपया कमेंटमध्ये नको.)

उलट ज्या वर्षी मी ठरवून शोधत होतो, व्हिडिओ बघून वहीत वर्तुळं काढून, आवडतं काय, जमतं काय, त्या वर्षी गिटार घेतली आणि डीएसएलआर घेतला. गिटार भाच्याने नेली. कॅमेरा अजून कपाटात आहे, दोन लेन्स आणि बॅगेसकट, फार तर शे-दोनशे फोटो काढलेला. कुणाला हवा असेल तर सांगा.