शेन्झेन: शहर बांधणाऱ्यांची पोरं गावाकडेच

2024 मध्ये कामानिमित्त चीनमधल्या शेन्झेनला गेलो होतो, भोसरीत आमचं छोटं एलईडी ड्रायव्हरचं युनिट आहे त्याचे पार्ट बघायला. डायरेक्ट फ्लाइट तेव्हा नव्हतीच, त्यामुळे मुंबई-हाँगकाँग आणि तिथून ट्रेननं लो वू बॉर्डर, एक पूल ओलांडला की शेन्झेन. पहिले दोन दिवस ह्वाछ्यांगबेई मार्केटमध्येच गेले, मजल्यावर मजले नुसते काउंटर, एलईडी, चिप, कनेक्टर, सगळं किलोवर विकल्यासारखं. त्यावर लिहायचं तर वेगळी पोस्ट लागेल. पण परत आल्यापासून माझ्या डोक्यात मार्केट नाहीये, आमची दुभाषी बाई आहे.

तिशीतली असेल. हुनान प्रांतातल्या एका गावची. कॉलेज झालेलं नाही, सतराव्या वर्षी फॅक्टरीत लागली आणि नंतर मार्केटमध्ये गिऱ्हाइकांशी बोलता बोलता इंग्रजी शिकली. तिसऱ्या दिवशी दुपारी काम लवकर संपलं तर म्हणाली चला, मी आधी राहायचे तो भाग दाखवते, आणि मेट्रोनं बायशिझोऊला, शहराच्या पोटातल्या एका जुन्या गावात, घेऊन गेली.

तिथे तेव्हा बघण्यासारखं काहीच नव्हतं, पत्र्याचं कुंपण आणि आत टॉवरचं काम चालू. पण 2019 पर्यंत इथे एक चौरस किलोमीटरपेक्षा कमी जागेत सुमारे दीड लाख माणसं राहायची. इमारती इतक्या चिकटून की खिडकीतून हात काढला तर समोरच्याशी हातात हात देता येईल, म्हणून त्यांना तिकडे हातमिळवणीच्या इमारतीच म्हणतात. आणि चालत जाण्याच्या अंतरावर थीम पार्क, त्यात आयफेल टॉवरची प्रतिकृती. पाडापाडी ठरली तेव्हा मूळ गावकरी म्हणजे घरमालक, त्यांना भरपाई मिळाली, काही तर भयंकर श्रीमंत झाले, पण भाडेकरूंनी फक्त सामान उचलायचं. आणि ज्यांची पोरं जवळच्या शाळेत होती त्यांच्यापुढे पहिला प्रश्न तोच, आता शाळेचं काय.

इथे मला हुकोऊ, म्हणजे चीनमधली कुटुंबाची सरकारी नोंद, नीट समजलं. आधी वाटायचं आपल्या रेशनकार्डासारखं काहीतरी असेल. 1958 पासून कायद्यानं प्रत्येक कुटुंबाची नोंद एका जागी बांधलेली, आणि शाळा, दवाखाना, पेन्शन बरंचसं त्या नोंदीवर. काम करायला कुठेही जा, आता कोणी अडवत नाही, पण हक्क गावाकडे राहतात. 2020 च्या जनगणनेत शेन्झेनची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या वर होती आणि त्यातल्या जेमतेम एक तृतीयांश लोकांकडे तिथलं हुकोऊ. बाकीचे राबायला आहेत, नोंदीत नाहीत. डिग्रीवाल्याला हुकोऊ मिळणं त्यातल्या त्यात सोपं, पण ज्यानं विटा रचल्या, जी बाई असेंब्ली लाइनवर उभी राहिली, तिला अवघड.

तिचा मुलगा आठ वर्षांचा. सरकारी शाळेच्या ॲडमिशनला पॉइंट मोजतात, स्वतःचं घर आहे का, हुकोऊ कुठलं, सोशल इन्शुरन्स किती महिने भरलाय. तिचे पॉइंट पुरले नाहीत, खाजगी शाळेची फी झेपणारी नाही. आणि पुढे गाओखाओ, म्हणजे कॉलेज प्रवेशाची परीक्षा, साधारणपणे आपल्या हुकोऊच्या प्रांतातच द्यावी लागते, बाहेरच्या पोरांना बसू देतात तिथे अटी ढीगभर. मग म्हणाली लहानपणापासून तिथलंच पुस्तक वाचलेलं बरं. पोरगा तिच्या आईकडे, गावी.

तिला स्वतःलाही आजीनंच वाढवलं होतं. आईबाप डोंगग्वानला कारखान्यात, वर्षातून एकदा चिनी नवीन वर्षाला भेटायचे. ती म्हणाली, मी ठरवलं होतं माझ्या मुलाला असं ठेवणार नाही.

मी काही बोलू शकलो नाही. माझे आईवडील कोयत्यावर जायचे, मुकादमाची उचल घेतली की दिवाळीनंतर टोळी निघायची आणि मी बीडला आजीपाशी. सहा महिने. शाळेतून आलं की दार आजीच उघडणार हे माहीत असूनही मी धावत यायचो. तिला हे सांगितलं, तर तिनं ऊस म्हणजे नक्की कसा तोडतात ते विचारून घेतलं, वजन किती, पाठीवर की डोक्यावर.

तिच्या आईच्या पेन्शनचंही तिनं सांगितलं, महिन्याला दोनशे युआनच्या आसपास, आणि शहरातला रिटायर्ड कामगार हजारोंमध्ये घेतो. मला खूप राग आला, खरंच. 2020 मध्ये पंतप्रधान ली खछ्यांग यांनीच जाहीर सांगितलं होतं की 60 कोटी लोकांचं मासिक उत्पन्न हजार युआनच्या आसपास आहे. त्या उंच काचेच्या इमारतींखाली उभं राहून हा आकडा आठवला की मान खालीच जाते. आता तर डिग्रीवाल्यांचंही कठीण, जून 2023 मध्ये शहरी तरुणांची बेकारी 21.3 टक्क्यांवर गेली आणि पुढे काही महिने सरकारनं आकडा देणंच थांबवलं. रस्त्यावर पिवळ्या जॅकेटवाले डिलिव्हरीचे पोरगे सुसाट जात होते, ती म्हणाली यातले बरेच शिकलेले आहेत.

शेन्झेन ते छांगशा, म्हणजे तिच्या हुनान प्रांताची राजधानी, बुलेट ट्रेननं साडेतीन तासांच्या आत. अंतराचा प्रश्नच नाही, पण सुट्टी कुठे आहे.

निघायच्या दिवशी मार्केटमध्ये तिनं मुलासाठी नवीन घड्याळ घेतलं, फोन लागतो त्यावर आणि मुलगा कुठे आहे तेही दिसतं. जुन्या घड्याळाचा पट्टा तुटला होता, चालत मात्र होतं. कॅश काउंटरच्या रांगेत तिनं मोबाइलवर नकाशा उघडून दाखवला. चार वाजून गेले होते. निळा ठिपका शाळेतून निघून घराकडे सरकत होता.