एकोणीस वर्षांचा करार, आठ महिन्यांची वाट

स्कॉटलंडमधल्या एका जमीनदाराच्या इस्टेट ऑफिसच्या कपाटातली खंडवही, म्हणजे कुळांच्या खंडाची नोंदवही, बघायला मला आठ महिने लागले. वही हातात आल्यावर हवी ती ओळ वीस मिनिटांत सापडली. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

मी साताऱ्याची, लग्नानंतर स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला आले. सासरे 83 वर्षांचे आहेत. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट सांगतात: आपण शेती करायचो, मग आपल्याला हुसकावून लावलं. कोणी, कधी, कशापायी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

सुरुवात भराभर झाली. तिथे जन्म-मृत्यूची सरकारी नोंद 1855 पासून आहे आणि मृत्यूच्या दाखल्यावर आई-वडील दोघांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. 1851 च्या जनगणनेत सासऱ्यांचे खापरपणजोबा 120 एकरांचे शेतकरी, हाताखाली दोन गडी. 1861 मध्ये तिथेच. 1871 मध्ये मात्र त्या शेतावर दुसरंच कुटुंब, आणि यांचा मुलगा परक्याच्या शेतावर नांगर धरायला.

आपल्याकडे सातबाऱ्यावर कुळाचं नाव लागतं. त्याच समजुतीने मी जमिनीच्या व्यवहारांचं जुनं सरकारी रजिस्टर दोन दिवस चाळलं. ते दिवस फुकट गेले. त्यात मालकांची नावं असतात, साध्या कुळाची नसतात. कूळ सापडतं ते मालकाच्या कागदांत: भाडेपट्टे, खंडवह्या, कारभाऱ्याची पत्रं. कारभाऱ्याला तिथे फॅक्टर म्हणतात. बऱ्याच इस्टेटींचे असे कागद एडिनबरोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जमा आहेत. आमच्या इस्टेटीचे नेमके मालकाच्या वंशजांकडेच राहिलेले.

खाजगी कागदांची एक राष्ट्रीय नोंदणी आहे, तिच्यामार्फत विनंती मालकापर्यंत जाते. माझी गेली. तीन महिने उत्तर नाही. आठवण केली, तर दोन ओळी आल्या: या आडनावाचं कोणी आमच्या नोंदींत नाही. मी हादरलेच. जनगणनेत माणूस डोळ्यांसमोर आणि हे म्हणतात नाही! पंधरा दिवसांनी उलगडा झाला. खंडवह्या शेताच्या नावाने लावलेल्या असतात, माणसाच्या नाही. त्या ऑफिसने आडनावांची कुठलीशी यादी बघितली आणि फाइल मिटली. शेताचं नाव माझ्या पत्रात पहिल्याच ओळीत होतं, ते कुणी वाचलंच नव्हतं. मी पुन्हा लिहिलं. मग पहिलं पत्र हरवल्याचं कळलं, नवा फॉर्म भरा. भरला. मग कागद बघणारी व्यक्ती रजेवर. दर आठवड्याला सासरे विचारायचे, "काही आलं का गं?" नाही म्हणताना माझा जीव तुटायचा. त्या वयाच्या माणसाला "थांबा" म्हणणं किती कठीण असतं, हे त्या ऑफिसला कोण सांगणार?

याच काळात एडिनबरोला वाचनकक्षातल्या एका बाईंनी वाट दाखवली, त्यांचे उपकार विसरणार नाही. 1855 पासून दरवर्षी जमीन-घरांच्या मूल्यांकनाच्या याद्या निघत. मालक, कूळ आणि वर्षाचा खंड, तिन्ही त्यात असतात. ऑनलाइन मला दर दहा वर्षांतली एकच यादी नावाने शोधता आली होती, म्हणून मी 1855 आणि 1865 बघून थांबले होते. मधल्या वर्षांच्या याद्याही जपलेल्या आहेत, हे त्यांच्याकडून कळलं. तुम्ही हे काम पहिल्याच दिवशी करा. कूळ नेमकं 1862 मध्ये बदललं होतं.

शेवटी ऑक्टोबरात त्या ऑफिसने एक सकाळ दिली. वही उघडली. भाडेपट्टा 1843 च्या व्हिटसंडेपासून एकोणीस वर्षांचा. व्हिटसंडे म्हणजे भाडेपट्टे सुरू-संपण्याची मे महिन्यातली तारीख, दुसरी नोव्हेंबरात मार्टिनमसची. एकोणीस वर्षांचा करार तिकडे सर्रास असे. 1862 मध्ये मुदत संपली. खंड होता 95 पौंड, पुढच्या ओळीत नव्या कुळाच्या नावापुढे 130. जास्त देणारा मिळाला, एवढंच.

शेतांच्या नावांबद्दल एक राहिलं. एकाच परिसरात वरचं, खालचं आणि मेन्स (इस्टेटीचं मुख्य शेत) अशी तीन सारखी नावं असू शकतात. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर मैलाला सहा इंच प्रमाणाचे जुने नकाशे फुकट आहेत, आधी त्यांत आपलं शेत नक्की करा. आणि 1843 मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटून फ्री चर्च वेगळं झालं, त्यानंतरचे बाप्तिस्मे जुन्या पॅरिश वहीत मिळाले नाहीत तर फ्री चर्चच्या नोंदी मागा. खापरपणजोबांची धाकटी दोन मुलं तिथेच सापडली.

फोटो काढायला त्या ऑफिसने नाही म्हटलं, म्हणून ती ओळ मी पेन्सिलीने उतरवून आणली. सासऱ्यांनी चष्मा लावून ती तीनदा वाचली. शेवटच्या रकान्यात फॅक्टरने लिहिलं होतं, थकबाकी नाही. तेवढं त्यांनी मोठ्याने वाचलं आणि कागद घडी न घालता खिशात ठेवता येईना, म्हणून हातातच धरून बसले.