सायलेंट हायवेमन : सांध्याने घात केला

'सायलेंट हायवेमन' हे थेम्सवर होडी वल्हवणाऱ्या मृत्यूचं जुनं व्यंगचित्र. ते मी लाकडाचे चार तुकडे जोडलेल्या ठोकळ्यावर (ब्लॉकवर) कोरून छापतोय. काल रात्री पहिला पूर्ण प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, काढला आणि मृत्यूच्या होडीच्या मधोमध पांढरी उभी रेघ उमटली. केसाएवढीच आहे, पण नजर तिथून हलत नाही.

कवटी मात्र साधली! डोळ्यांच्या खोबणीतला काळा भाग न कोरता तसाच सोडायचा असतो. या वेळी हात आवरला. पाण्यावर तरंगणारी मेलेली जनावरंही ओळखू येतात.

रेघ आभाळात गेली असती तरी मी सोडली नसती. लंडनच्या 'पंच' या व्यंग्य-साप्ताहिकाने हे चित्र १० जुलै १८५८ ला छापलं, थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंट हैराण झालं होतं तेव्हा. रोग घाणेरड्या हवेतून पसरतो हीच तेव्हाची सर्वमान्य समजूत. म्हणजे या चित्रात हवा हाच आजार आहे, आणि ती सलग दिसलीच पाहिजे.

आधी वाटलं, पावसाळी दमटपणाने एक तुकडा फुगला असेल. मागे कागदाची पट्टी लावून पातळी जुळवली, रेघ तशीच. मग फटीत सरस आणि लाकडाचा भुसा भरला. ब्युरिन, म्हणजे कोरायचं टोकदार हत्यार, तिथे आला की घसरतो, भुसा कपचीसकट उडतो. बॉक्सवूडचा, म्हणजे या कोरीवकामाच्या कठीण लाकडाचा, पुरवठादारही बदलतोय. तुकडे पुरेसे वाळलेले नव्हते.

पण खरी चूक माझी. मी चारही तुकडे सुटे कोरून मग जोडले. त्या काळीही मोठे ब्लॉक तुकड्यांचेच असत, मागून बोल्टने आवळलेले, आणि घाई असली की सुटे करून अनेकांत वाटले जात. मात्र त्याआधी मुख्य कारागीर सांध्यावरून जाणाऱ्या रेघा स्वतः कोरून घेई. हे मला ठाऊक होतं, तरी घाई केली.

म्हणून उजवीकडचे दोन तुकडे नव्याने कोरायचे ठरवलं होतं, टिंट टूलने (बारीक समांतर रेघा कोरायच्या हत्याराने), सांधा आवळलेला ठेवून. पण लिहिता लिहिता सुचतंय, सांधा उभा कशाला हवा? पाण्याच्या रेघा आडव्याच आहेत. दोन लांब तुकडे एकावर एक ठेवले, तर फट होडीच्या काठाखालच्या पांढऱ्या रेघेतच जिरेल. मग चारही तुकडे बाजूलाच. थेम्सबाबा आपली पोरं, म्हणजे डिप्थेरिया, गंडमाळ आणि कॉलरा, लंडनला भेटवतो ते 'पंच'चं दुसरं चित्र पुढच्या महिन्यावर ढकललं.

लांब तुकडे आजच मागवतो. तोवर कवटी दुसऱ्यांदा अशीच जमावी म्हणून लिनोवर, म्हणजे कोरायला मऊ लिनोलियमवर, सराव.