व्ही अँड ए म्युझियम: ही वस्तू इथे आली कशी?

लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं 'व्ही अँड ए', एका दिवसात उरकायला गेलात तर पाय दुखतील आणि लक्षात काहीच राहणार नाही. आम्ही भारतीय आणि इस्लामी कलेच्या दालनांपुरतंच जायचं ठरवलं आणि प्रत्येक वस्तूपाशी एकच प्रश्न धरून उभे राहिलो: ही इथे आली कशी? उत्तराचा धागा पाटीवरच्या नोंदणी क्रमांकात सापडतो. त्याच्या शेवटी पुष्कळदा वस्तू संग्रहात दाखल झाल्याचं साल असतं. ते आधी वाचा, मग वस्तू बघा.

टिपू सुलतानाचा वाघ, म्हणजे गोऱ्या माणसाला खाली पाडलेला लाकडी यांत्रिक वाघ, चित्रांतून ओळखीचा असतो, पण जवळ गेल्यावर त्याच्या खांद्यापाशी असलेला हँडल दिसतो. तो फिरवला की खाली पडलेल्या गोऱ्या माणसाचा हात वरखाली होतो, त्याच्या तोंडून विव्हळल्यासारखा आवाज निघतो आणि वाघ गुरगुरतो. वाघाच्या पोटात छोटा ऑर्गनही आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला आणि वाघ लुटीत इंग्रजांकडे गेला. १८०८ पासून तो लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या इमारतीत मांडलेला होता. येईल तो हँडल फिरवायचा आणि तिथल्या ग्रंथालयात वाचत बसलेले लोक वैतागायचे. टिपूनं ज्या त्वेषानं तो करवून घेतला, त्या त्वेषाचं इथे खेळणं झालं, हे वाचून मला फार वाईट वाटलं. आता तो काचेत आहे, हात लावता येत नाही.

शहाजहानचा मद्याचा प्याला मात्र शोधावा लागतो, कारण तो ओंजळीत मावेल एवढाच आहे. दुधी पांढरा जेड, अर्ध्या भोपळ्याचा आकार, तळाशी उमललेलं कमळ, आणि निमुळतं टोक वळत वळत रानबकऱ्याचं डोकं होतं. बाजूनं वाकून बघा, म्हणजे मान नेमकी कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. हा दगड पोलादी छिन्नीला दाद देत नाही. कठीण खड्याची पूड लावून तो घासत घासतच घडवावा लागतो. प्याल्यावरचं साल १६५७ चं आहे. पुढच्याच वर्षी औरंगजेबानं बापाला आग्र्याच्या किल्ल्यात कैद केलं. नोंदणी क्रमांकाच्या शेवटी १९६२ आहे.

अर्दबीलच्या गालिचासाठी घड्याळ सांभाळा. रंग उडू नयेत म्हणून त्यावरचा उजेड दर अर्ध्या तासाला दहाच मिनिटं वाढवतात. इराणातल्या अर्दबीलच्या सूफी संत शेख सफींच्या दर्ग्यासाठी विणलेला हा गालिचा हिजरी ९४६ चा, म्हणजे १५३९-४० चा आहे. साधारण साडेदहा मीटर लांब आणि सव्वापाच मीटर रुंद. मध्यभागाच्या दोन टोकांना विणलेले दोन दिवे बघा, एक दुसऱ्यापेक्षा मोठा आहे. असं का, यावर जाणकारांचं एकमत नाही. १८९३ मध्ये विल्यम मॉरिस या नामवंत इंग्रज नक्षीकाराच्या शिफारशीनं तो २,००० पौंडांना घेतला गेला. गालिचे मुळात दोन होते. याची डागडुजी करायला दुसऱ्याचे तुकडे वापरले आणि तो जोडीदार आता किनारीविना लॉस एंजेलिसला आहे. ते कळल्यावर इथल्या अखंड किनारीकडे निर्मळ मनानं बघवत नाही.

मराठी माणूस वाघनखं शोधणारच. ती २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीनं महाराष्ट्रात आली आणि आधी साताऱ्यात मांडली गेली, त्यामुळे लंडनला जाण्याआधी ती सध्या कुठे आहेत याची चौकशी करा. ती साताऱ्याच्या दरबारी इंग्रजांचा प्रतिनिधी असलेल्या ग्रँट डफच्या घराण्याकडून संग्रहात आली. खुद्द शिवरायांनी वापरलेली हीच का, याची खात्री देता येत नाही असं म्युझियम स्वतःच सांगतं. एवढा खुलेपणा मला मोलाचा वाटला.

जाणाऱ्यांसाठी: कायमस्वरूपी दालनं विनामूल्य आहेत, तिकीट खास प्रदर्शनांनाच. साउथ केन्सिंग्टन स्टेशनातून भुयारी वाटेनं थेट म्युझियमपाशी निघता येतं. शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं, पण तेव्हा सगळी दालनं चालू असतीलच असं नाही. नूतनीकरणासाठी दालनं बंद ठेवतात आणि वस्तू बाहेरही जातात, म्हणून आदल्या दिवशी संकेतस्थळ बघा. तिथेच वस्तूंचे फोटो आणि त्या कुणाकडून आल्या तो इतिहासही मिळतो. चार-पाच वस्तू वाचून ठेवा, दालन क्रमांक टिपून घ्या आणि मोठी बॅग हॉटेलवरच सोडा.