आठवीनंतर हायस्कूल बदलताना: सातारा ते सांगली, माझा अनुभव

मुलीची आठवी साताऱ्यात झाली आणि नववीला तिला सांगलीच्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये घातलं. शाळा बदलण्याचं काम दोन जागी चालतं. एक जागा कागदावरची: जनरल रजिस्टर (प्रत्येक मुलाची नोंद असलेलं शाळेचं रजिस्टर) आणि त्यावरून निघणारा शाळा सोडल्याचा दाखला. दुसरी संगणकावरची: मुलांच्या नोंदी ठेवणारं राज्याचं सरल पोर्टल आणि केंद्राचं यू-डायस प्लस. दाखला हातात पडला की पालकांना वाटतं, झालं. पण ऑनलाइन नाव जुन्याच शाळेत अडकलं असेल, तर मूल नव्या वर्गात बसतं आणि नव्या शाळेच्या पटावर मात्र दिसत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज किंवा अपार आयडी (विद्यार्थ्याचा देशपातळीवरचा शैक्षणिक ओळख क्रमांक) काढायची वेळ आली की हे उघड होतं, आणि तोवर जुन्या शाळेतलं कुणी आपला फोनही उचलत नसतं.

सगळ्यात आधी जुन्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधली मुलाची ओळ स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. दाखल्यावर या ओळीची नक्कलच उतरते. मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ तालुका-जिल्ह्यासह, जात-पोटजात हे सगळं जन्मदाखला, आधार आणि जातीचा दाखला शेजारी ठेवून ताडून बघा. हे आत्ताच करायचं कारण माध्यमिक शाळा संहितेत आहे. मूल त्या शाळेत शिकत असेपर्यंत शिक्षणाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीने रजिस्टरमध्ये दुरुस्ती होते. नियम २६.४ प्रमाणे, शाळा सोडल्यावर उघड दिसणारी लेखनिक चूक सोडली तर बदल होत नाही. म्हणजे ‘जाधव’चं ‘जादव’ झालेलं नंतरही कदाचित सुधारून घेता येईल, पण जातीची नोंद बदलायला गेलात तर प्रकरण लांबतं. दुरुस्ती असेल तर मुख्याध्यापकांमार्फत जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षण विभागाकडे प्रस्ताव जातो, त्याला वेळ लागतो. म्हणून हे काम दुसऱ्या सत्रातच सुरू करावं, निकालाची वाट बघू नये.

पुढचा क्रम साधारण असा असतो. नव्या शाळेत जागा आहे का विचारून प्रवेश अर्ज द्यायचा. तिथले मुख्याध्यापक जुन्या शाळेच्या नावाने दाखला मागणीपत्र देतात. ते पत्र आणि आपला साधा अर्ज जुन्या शाळेच्या ऑफिसात द्यायचा आणि अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. हा शिक्का फार उपयोगी पडतो, कारण पुढे दिरंगाई झाली तर तक्रारीला आधार तोच. ग्रंथालयाची पुस्तकं परत केली की मूळ दाखला आणि निकालपत्रक मिळतं. सुट्टीत लिपिक ऑफिसात भेटतात, मुख्याध्यापक रोज भेटतीलच असं नाही. म्हणून मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज द्यावा.

दाखला खिडकीपाशीच उभं राहून वाचावा. जनरल रजिस्टर नंबर, स्टुडंट आयडी (सरलमधला मुलाचा क्रमांक), कोणत्या इयत्तेत कधीपासून शिकत होता, सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण आणि शेरा. शेऱ्यात ‘आठवी उत्तीर्ण, नववीस पात्र’ असं स्पष्ट असलं की नव्या शाळेत प्रश्न येत नाही. खाडाखोड असेल तर दाखला नवीन लिहून मागा. त्याला लॅमिनेशन करू नका, पुढे प्रतिस्वाक्षरी (शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याची सही-शिक्का) लागली तर शिक्का कुठे मारणार? मूळ दाखला एकदाच मिळतो, हरवला तर प्रतिज्ञापत्र करून दुय्यम प्रत घ्यावी लागते. नव्या शाळेत जमा करण्यापूर्वी चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा.

आता ऑनलाइन. सरलमध्ये नवी शाळा स्टुडंट आयडी टाकून विनंती पाठवते आणि जुनी शाळा ती मान्य करते. यू-डायस प्लसमध्ये जुन्या शाळेने ‘दाखला घेऊन गेला’ अशी नोंद केली की मुलाचं नाव ड्रॉप बॉक्समध्ये जातं. तिथून नवी शाळा पेन नंबर (यू-डायस प्लसमधला मुलाचा कायमचा क्रमांक) आणि जन्मतारीख टाकून ते आपल्याकडे ओढून घेते. जुन्या शाळेने ड्रॉप बॉक्सला टाकलंच नाही तर नव्या शाळेच्या हातात काही नसतं. म्हणून दाखला घेताना पेन नंबर कागदावर लिहून घ्या, आणि नव्या शाळेत दाखला दिल्यावर ‘यू-डायसला नाव आलं का?’ एवढा प्रश्न आठवडाभराने पुन्हा विचारा.

अडवणूक का होते हे कळलं तर बोलणं सोपं जातं. संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर होणार, हे ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतं, आणि त्यात आधार जुळलेली मुलंच धरतात. पट काठावर असलेल्या शाळेत एक मूल गेलं तर शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात जुनी शाळा नाव सोडायला रेंगाळते आणि नवी शाळा घाई करते. शिक्षकांची ती काळजी खरी आहे, मला ती समजते. पण तिचा भार मुलावर पडता कामा नये.

कायदा इथे पालकांच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५: आठवीपर्यंत मुख्याध्यापकांनी दाखला तात्काळ द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला या कारणाने नव्या शाळेने प्रवेश नाकारायचा किंवा लांबवायचा नाही. नववी-दहावी या कायद्याबाहेर राहतात, पण जून २०२१ मध्ये राज्य शासनाने या वर्गांनाही दाखल्याअभावी प्रवेश नाकारू नये असं कळवलं. फी थकली म्हणून दाखला अडवला तर लेखी अर्ज गटशिक्षणाधिकारी किंवा माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा. तोंडी तक्रारीची नोंद कुठेच राहत नाही.

सांगली जिल्ह्यात आणखी एक प्रकार खूप दिसतो. विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाईवाल्यांची (सोनं-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्यांची) कुटुंबं देशभर सोन्या-चांदीच्या कामाला आहेत आणि मूल आठवी-नववीत आलं की गावाकडे पाठवतात. अशा मुलाच्या दाखल्यावर तिकडच्या जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी तिथून निघण्यापूर्वीच घ्यावी. इथे आल्यावर त्यासाठी परत हजार किलोमीटर जावं लागतं. दाखला स्थानिक लिपीत असेल तर भाषांतर जोडावं. दुसरी अडचण नावाची: दक्षिणेकडे वडिलांचं आद्याक्षर लावून नाव लिहितात, इकडे नाव-वडील-आडनाव असं पूर्ण लागतं, आणि आधारवर तिसरंच काहीतरी असतं. सरलचा आयडी महाराष्ट्रापुरता आहे, पेन नंबर देशभर चालतो, म्हणून परराज्यातून येताना पेन नंबर विसरू नये.

विषयांकडेही आधी बघा. सेमी-इंग्रजीत गणित-विज्ञान इंग्रजीतून असतं. पूर्ण मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला एकदम नववीत त्या तुकडीत टाकणं मला पटत नाही. संपूर्ण हिंदी की हिंदी-संस्कृत संयुक्त, हे नव्या शाळेत काय शिकवतात त्यावर ठरतं. ज्याने आठवीपर्यंत संस्कृत घेतलंच नाही त्याला संयुक्त घेणं जड जातं. वर्षाच्या मध्ये बदल केलात तर प्रथम सत्राचे गुण आणि अंतर्गत मूल्यमापनाच्या नोंदी लेखी आणा, वार्षिक निकालात त्या लागतात. दहावीत शाळा बदलणं टाळलेलंच बरं. मंडळाचा परीक्षा अर्ज शाळेमार्फतच भरला जातो. साताऱ्याला आणि सांगलीला कोल्हापूर विभागीय मंडळ एकच, म्हणून विभाग बदलत नाही, एवढाच दिलासा.

पैशाच्या दोन गोष्टी. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के जागेवरचा मोफत प्रवेश आठवीपर्यंतच असतो. नववीला त्याच शाळेत राहिलात तर पूर्ण फी सुरू होते. अनुदानित हायस्कूलकडे वळायचं असेल तर वळण्याची वेळ हीच. आठवीत एनएमएमएस ही आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती मिळाली असेल (वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी), तर ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतच चालू राहते. विनाअनुदानित शाळेत गेलात की ती बंद. शाळा बदलल्याची नोंद राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नूतनीकरणाच्या वेळी करून घ्यावी लागते. नव्या शाळेचा बोनाफाईड मिळाला की त्यावर एसटीचा पास निघतो. मुलींना बारावीपर्यंत तो मोफत आहे, मुलांना सवलतीत.